आयर्लंडातले नॉर्मन सरदार गेलिक (म्हणजे आयरिश रीतीभाषेचे) कसे झाले? नुसत्या सोयरिकींमुळे?

वाटसरू: ११६९मध्ये इंग्रज राजवटीतले नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरले. १३६६मध्ये किलकेनी गावी भरलेल्या इंग्रजी संसदेच्या कायद्यांनी त्यांच्याच वंशजांना आयरिश बोलायला आणि आयरिश घराण्यांत लग्न करायला मनाई केली. दोनशे वर्षांत हे कसं घडलं? निव्वळ लग्नांमुळे?

ओसरी: लग्नांपेक्षा मी 'अल्ट्रम'ला जास्त वजन देईन. मूल दुसऱ्या घरी वाढवायला द्यायची ही रीत. दत्तक नव्हे, नाव आणि वारसा बापाकडेच. जुन्या कायदेग्रंथात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १७ वर्षं ही मुदत सापडते. मोबदला बापाच्या दर्जाप्रमाणे: लहान शेतकऱ्याच्या मुलामागे ३ 'शेद', राजाच्या मुलामागे ३०. दोन शेद म्हणजे साधारण एक दुभती गाय, म्हणजे राजपुत्रामागे १५ गाई! पण खरी कमाई वेगळीच. पोराच्या तोंडी भाषा तिथलीच बसते आणि सोबत वाढलेले दूधभाऊ पुढे लढाईत पाठीशी उभे राहतात. किलकेनीत यालाही बंदी होती. तरी १३८८मध्ये डेझमंडच्या तिसऱ्या अर्लनं (नॉर्मन वंशाचा बडा सरदार) आपला मुलगा ओब्रायन या आयरिश घराण्याकडे ठेवायला राजाचीच परवानगी मिळवली. हा अर्ल स्वतः आयरिशमध्ये कविता करायचा.

जुना_दप्तरी: अल्ट्रम खरंच, पण जमिनीचा हिशेब विसरू नका. १३३३मध्ये अल्स्टरचा नॉर्मन अर्ल विल्यम द बर्ग मारला गेला. मागे एक तान्ही मुलगी, एलिझाबेथ. इंग्रजी कायद्यानं सगळी जहागीर तिची, म्हणजे उद्या तिच्या नवऱ्याची. गेलिक रीतीत चार पिढ्यांच्या भाऊबंदांतून कर्ता पुरुष पुढे येतो. कॉनॅक्टमधल्या बर्ग भाऊबंदांना कुठली रीत सोयीची, हे सांगायला नको. त्यांनी 'मॅकविल्यम' ही गेलिक पदवी घेतली, मुलूख वाटून घेतला: गॉलवेत 'वरचे' मॅकविल्यम, मेयोत 'खालचे'. एलिझाबेथचा नवरा कोण? इंग्लंडचा राजपुत्र लायनेल. किलकेनीची ती संसद यानंच भरवली होती. जावईबापूंचा राग समजण्यासारखा आहे.

कातळ: एक दुरुस्ती. सगळीकडे सारखं झालं नाही. डब्लिनचा परिसर आणि बंदरं बरीच इंग्रजीच राहिली. 'आयरिशांपेक्षा आयरिश' हे बिरुदही फार नंतरचं. त्या काळचा शब्द होता 'बिघडलेले'. १२९७च्या संसदेची तक्रार वाचण्यासारखी आहे: इंग्रज अर्धं डोकं भादरून मागे केस वाढवतात, त्याला 'कुलान' म्हणतात, आणि आयरिश समजून मारले जातात. मेलेला इंग्रज की आयरिश, यावर मारणाऱ्याची शिक्षा ठरायची. म्हणून एका केशभूषेपायी दोन्हीकडच्या नातलगांत वैर पेटायचं.

वाटसरू: मग किलकेनीचे कायदे कागदावरच राहिले?

जुना_दप्तरी: बहुतेक. १४९५मध्ये ते पुन्हा मंजूर झाले, पण आयरिश भाषेवरची बंदी वगळून. १५४१मध्ये आठव्या हेन्रीला आयर्लंडचा राजा ठरवणारा ठराव डब्लिनच्या संसदेत आला, तेव्हा सरदारांना तो कळावा म्हणून ऑरमंडच्या अर्लला आयरिशमधून सांगावा लागला. हा अर्लही नॉर्मन घराण्यातलाच.