पावसाळ्यात बागेत जायला पिकअप: डिझेल की इलेक्ट्रिक?

भांडुपची बागवाली

नमस्कार. मी भांडुपला राहते, वय ५४. दापोली तालुक्यात वडिलांनी लावलेली हापूसची दीडशे कलमं दोन वर्षांपासून मी बघते. माणगाव, आंबेत, मंडणगड करत सव्वादोनशे किलोमीटर. डांबर संपलं की बागेपर्यंत पावणेदोन किलोमीटर पाणंद. आधी लाल माती, मग वहाळ आणि वहाळाला लागूनच जांभ्याच्या उघड्या कातळावरचा चढ.

मे महिन्यात आंबा काढताना काही अडत नाही, सगळं कोरडं ठणठणीत असतं. अडतं ते पावसात. जूनमध्ये खत घालायचं, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालायचं औषध, द्यायचं. गेल्या जुलैत भाड्याची पिकअप नेली, फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली. वहाळ पार झाला, पण शेवाळलेल्या कातळावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी घसरत परत पाण्यात. लेंडीखताची बारा पोती मी आणि वाडीतल्या बायकांनी डोक्यावरून वर नेली. त्यातल्या एकीची पाठ आधीच दुखावलेली होती हे मला नंतर कळलं. ते मनातून जात नाही. म्हणून स्वतःची गाडी घ्यायची आहे.

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस, दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेल्या, आणि सेकंडहँड, बघून आले. मुलगी म्हणते, थोडं थांब, इलेक्ट्रिक पिकअप घे. मला भीती विजेची. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, आमच्या वाडीत कित्येक दिवस अंधार होता. अशा वाटेवर खरंच कुठली गाडी टिकेल?

कुर्ला गॅरेज

ताई, तीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे केलेत, म्हणून सांगतो. इंजिन किती मोठं ते नंतर बघा. आधी ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, आणि मागचा डिफरेन्शियल लॉक बघा. साध्या गाडीत एक चाक शेवाळावर फिरायला लागलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते. तुमचं तेच झालं. लॉक केलं की दोन्ही चाकं सारखीच फिरतात. हायलक्समध्ये फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा कमी वेगाचा टप्पा, टाकलं की चाकांवरचा जोर साधारण अडीच पट होतो. उतरताना फोर-लोमध्ये पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, पाय ब्रेकवरून काढा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, माणूस चालतो त्या वेगाने खाली नेतं.

आता पाणी. हायलक्सला कंपनीने ७०० मिलिमीटरपर्यंत पाणी सांगितलंय. पण त्यातही जोरात शिरलात तर लाट बॉनेटवर चढते आणि हवेच्या वाटेने पाणी आत जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ नंतर आमच्या गल्लीत अशा गाड्यांची रांग लागली होती. पुष्कळशा पुरात मेल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवशी मालकाने किल्ली फिरवली तेव्हा मेल्या. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही, ओढून बाहेर काढायची. एवढं एक लक्षात ठेवा.

मोटर कंट्रोलर, पवई

काकू, मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर कंट्रोलरवर काम करतो, त्यामुळे माझा ओढा कुठे असेल ते उघड आहे. तरी आज डिझेलच घ्या.

चढावर इलेक्ट्रिक खरोखर सरस आहे. मित्राची टाटाची दोन मोटरची इलेक्ट्रिक गाडी, हॅरियर ईव्ही, कर्जतजवळच्या ओल्या चढावर चालवली. चाक सटकल्याचं मला जाणवायच्या आतच जोर कमी झालेला असायचा. मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, जळायला क्लचच नाही. हवा ओढणारं इंजिन नाही, म्हणून रॉड वाकण्याची भीती नाही. आयपी ६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी चाचणी असते. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करते. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो ब्रेक कमी जोराने लागतो, कारण तयार झालेली वीज ठेवायला जागा नसते.

अडचण आहे वजनाची आणि अंतराची. अमेरिकेतली इलेक्ट्रिक पिकअप रिव्हियन आर१टी तीन टनांच्या वर जाते, हायलक्स साधारण दोन टन. लाल चिखलात हा एक टन फार जाणवतो. २०२५च्या अखेरीस टोयोटाने दाखवलेल्या इलेक्ट्रिक हायलक्सलाही पाणी ७०० मिलिमीटरच आहे, पण बॅटरी ५९.२ युनिटची. भरलेली पिकअप शंभर किलोमीटरला २५ युनिट खाते असं धरा, म्हणजे २३५ किलोमीटर. तुम्ही बागेत पोहोचाल तेव्हा बॅटरी जवळजवळ रिकामी, आणि वाडीत वीज नाही. पुढे बॅटरी मोठी झाली की हेच उलट होईल. अशा काही गाड्या आपल्या बॅटरीतून घराला वीज देतात. वादळानंतर पंप आणि फ्रीज त्यावर चालतील.

गुहागरचा, सध्या बोरिवली

गाडी कुठलीही घ्या, आधी चढाचं बघा. पाट्याला टाकी लावतात तशी त्या कातळाला पाथरवटाकडून टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घ्या, दोन्ही चाकोऱ्यांत, आडव्या. आमच्या काकांनी केलंय, शेवाळ धरतं पण चाक सुटत नाही. टायर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि चिखल दोन्हीला चालणारे, टाका. हवा थोडी कमी करा, पण पोती भरलेली असतील तर फार नको, आणि डांबरावर परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा.

भांडुपची बागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आले. बांबूवर खुणा करून वहाळ पाच ठिकाणी मोजला. एरवी ४० सेंटिमीटर, पण शनिवारी रात्रभर पडला होता तर मधोमध ६५ भरलं आणि ओढ एवढी की बांबू हातात ठरेना. कागदावर ७०० मिलिमीटरमध्ये बसतं, पण त्या पाण्यात मी गाडी घालणार नाही.

सेकंडहँड हायलक्स ठरवते आहे. कुर्ल्याचे दादा, घेण्याआधी फोर-लो आणि लॉक दोन्ही लावून चालवून बघेन. मुलीला पवईचं उत्तर वाचून दाखवलं, ती म्हणाली मग पुढची माझी. पाथरवटाशी बोलले, दिवाळीनंतर येतो म्हणाला. वहाळातल्या मोठ्या धोंड्यावर ४५ सेंटिमीटरला पांढरी रेघ मारली आहे. रेघ बुडालेली दिसली की पोती अलीकडच्या पडवीत उतरवायची, कुणी डोक्यावरून न्यायची नाहीत, हे वाडीत सांगून आले.