मदत हवी आहे: सेन्सरी अडचणी असलेल्या मुलासाठी मे महिन्यातलं शिबिर (गोवा)

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही फोंड्याला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घरात बाबू म्हणतो, इथेही तेच चालवते. बोलण्यात, समजण्यात काही कमी नाही, उलट दिवसभर टकळी चालू. अडचण निराळीच आहे. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत आला की हा उशीत डोकं खुपसतो. शर्टाचं लेबल कापून भागत नाही, शिवणीत अडकलेली टोकंही टोचतात, म्हणून मी प्रत्येक नव्या शर्टाचं लेबल सुईने उसवून काढते. मानकुराद आंब्याचा रस आवडतो, पण गाळलेला. एक धागा जिभेला लागला की ओकारी. शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल अजून दिसतही नव्हते, तेवढ्यात कानांवर हात ठेवून ह्याने रस्त्यातच बसकण मारली.

आणि हेच पोर सोफ्याच्या पाठीवरून दिवसाला पन्नास उड्या मारतं. चालताना दाराच्या चौकटीला मुद्दाम खांदा घासतं. गादीखाली शिरतं आणि म्हणतं, "आई, वर बस." मग हळवा म्हणायचा की दांडगा? नातेवाइकांना वाटतं लाडावलाय.

गेल्या मेमध्ये एका साध्या उन्हाळी शिबिरात घातला. नाव लिहीत नाही. पत्र्याचं छप्पर, चाळीसेक मुलं, माईक, त्यावर झुंबा. दोन दिवस कसेबसे गेले. तिसऱ्या दिवशी पंज्याचे ठसे उमटवायचे होते. ह्याने नको म्हटलं. तिथल्या मदतनीस बाईंनी मनगट धरून हात रंगाच्या ताटलीत दाबला आणि हा त्यांना चावला. चावणं चूकच, मी माफी मागितली. पण न्यायला गेले तेव्हा ऐकलं काय, तर "मॅडम, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." आठवडाभर तो साबणाने हात धूत होता, कातडी लाल होईपर्यंत. फी परत मिळाली नाही, ते जाऊ दे.

त्यानंतर विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांना दाखवलं. ऑटिझम नाही म्हणाले. एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आत्ताच काही ठरवू नका, सेन्सरी अडचणी, म्हणजे आवाज-स्पर्श-चव सहन न होणं किंवा जास्त हवीशी वाटणं, मात्र स्पष्ट आहेत, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), म्हणजे खेळांतून आणि रोजच्या कामांतून करायचा उपचार, सुरू करा. नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा जातो. (पहिल्या दिवशी सासूबाईंना सांगितलं, "बाबूला ओटीला नेते." त्या म्हणाल्या, "कोणाची ओटी गो?" आणि खण-नारळ काढायला निघाल्या.) फरक पडतोय. पण आमच्या थेरपिस्ट मे महिन्यात रजेवर आहेत. मी बँकेत, नवरा कुंडईच्या कारखान्यात, दोघांनाही महिनाभर घरी बसणं शक्य नाही.

समोर तीन पर्याय आहेत. एक, उत्तर गोव्यातलं २१ दिवसांचं "सेन्सरी थेरपी कॅम्प", रोज तीन तास, चोवीस हजार रुपये, आणि फरक दिसेलच अशी हमी. दोन, पुण्याकडचं दहा दिवसांचं निवासी शिबिर. तीन, सत्तरी तालुक्यात माझ्या माहेरी पाठवणं, जिथे तो खूश असतो, पण अख्खा महिना मोठ्या माणसांत आणि मोबाईलवर जाईल.

अशा शिबिरांचा खरंच उपयोग होतो का? आत पाऊल टाकल्यावर बरं-वाईट ओळखायचं कशावरून? पैशांपेक्षा मला भीती वाटते ती त्या रंगाच्या ताटलीची.

दर्यावर्दी

ताई, राग मानू नका, पण आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. मातीत लोळलो, चिखलात खेळलो, ढोलाच्या पुढे नाचलो. मुलांना एसीतून बाहेर काढा, आपोआप सरळ होतात.

डिचोलीची लीना

@दर्यावर्दी, तेव्हाही होतं हो. माझा काका लग्नाच्या पंगतीला कधी बसला नाही, मागच्या पडवीत एकटा जेवायचा. सगळे त्याला तिरसट म्हणायचे. आता माझ्या मुलीकडे बघते तेव्हा तो काका आठवतो.

फोंडेकरीण, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे, त्यामुळे आपल्या गोष्टी तंतोतंत जुळणार नाहीत. दोन उन्हाळे तिला शिबिरात घातलंय, एक फसलं, एक छान झालं. छान झालेलं कसं होतं तेवढं सांगते. आठ मुलं, चार मोठी माणसं. सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवले: फाटक, चपला काढायची जागा, बाथरूम, कोण ताई कुठे बसणार. पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास, आणि मी आत बसलेली चालत होती. कोपऱ्यात जुन्या चादरीचा तंबू. त्यात कुणी गेलं की बाकीच्यांनी हाक मारायची नाही हा नियम. माझी लेक पहिले तीन दिवस त्या तंबूतच होती आणि कुणालाही त्याची घाई नव्हती. चौथ्या दिवशी बाहेर आली ती बादलीतून पाणी न्यायला. रोज झाडांना पाणी हे मुलांचं काम होतं.

जे फसलं तिथे यंत्रसामग्री जास्त होती. झोपाळे, रंगीत दिवे, बॉल पूल, सगळं. फक्त मुलीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

फोंडेकरीण

लीना, तो तंबू वाचून डोळ्यांत पाणी आलं. बादलीचं मात्र कळलं नाही, ती थेरपी होती की नुसतं काम?

हातगुण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. बाबूला पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

बादली ही दोन्ही आहे. कान, डोळे, त्वचा यांखेरीज आतल्या कानातून तोलाची आणि स्नायू-सांध्यांतून जोराची, दाबाची खबर मेंदूला जात असते. बऱ्याच मुलांना ही दुसरी खबर भरपूर मिळाली की ती शांत होतात. बाबू चौकटीला खांदा घासतो, गादीखाली शिरतो, तो हेच स्वतः शोधून घेतोय. आवाज नि स्पर्श सहन न होणं आणि दाब हवाहवासा वाटणं एकाच मुलात असू शकतं, त्यात विसंगती काही नाही. त्याला कणीक मळायला द्या, विहिरीवरून कळशी आणू द्या, नारळाची पिशवी उचलू द्या. आम्ही याला हेवी वर्क म्हणतो, सत्तरीत त्याला रोजचं काम म्हणतात.

आता उपयोगाचं. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे या सगळ्या खबरांचा मेंदूत मेळ बसवणं, याची मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टची, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. म्हणजे कल्पना जुनी, पण पुरावा अजून संमिश्र. 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान २०१३च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) नाही. संवेदनांची अति किंवा कमी प्रतिक्रिया तिथे ऑटिझमच्या निकषांत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं होतं की हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा देऊ नये. थेरपी व्यापक उपचारातला एक भाग म्हणून चालेल, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावं. २०१४च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ३२ मुलांपैकी १७ जणांना दहा आठवड्यांत ३० सत्रं दिली, तेव्हा पालकांसोबत ठरवलेल्या ध्येयांमध्ये त्यांची बाकीच्यांपेक्षा चांगली प्रगती दिसली. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला, त्यात वागणुकीच्या बाबतीत ही थेरपी नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली नाही. दोन्ही अभ्यास ऑटिझम असलेल्या मुलांवरचे आहेत, बाबूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

मी स्वतः हेच काम करते, तरी म्हणते: हमी देणाऱ्याला लांबून नमस्कार करा. २१ दिवसांत मेंदूची घडण बदलत नाही. २१ दिवसांत एक मित्र मात्र होऊ शकतो. शिबिराकडून तेवढंच मागा.

फोन करून विचारा की रोज हजर कोण असणार. बीओटी किंवा एमओटी (ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्या) झालेली व्यक्ती स्वतः असणार, की फक्त माहितीपत्रकात? छताला झोपाळे टांगलेले असतील तर वरचा हुक स्लॅबमध्ये कसा बसवलाय ते डोळ्यांनी बघा, लाजू नका. वजनाचे जॅकेट सरसकट सगळ्यांना घालत असतील तर सावध राहा, त्याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: मुलाने नको म्हटलं तर तुम्ही काय करता? एअर्स यांच्या पद्धतीत मूल स्वतः पुढाकार घेतं आणि थेरपिस्ट त्याला जेमतेम झेपेल असं आव्हान समोर ठेवते. हात धरून ताटलीत दाबणं कुठल्याही थेरपीत बसत नाही. जी गोष्ट जबरदस्तीने झाली तिची भीती वाढते, सवय होत नाही.

निवासी शिबिर यंदा नकोच, असं माझं मत. नवी जागा, नवा पलंग, नवं जेवण आणि आई नाही, हे सगळं एका वेळी कशाला?

बार्देशकर

दिव्यांग प्रमाणपत्राचं काही होतं का? फी-सवलत वगैरे?

हातगुण

२०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण निव्वळ सेन्सरी अडचण असा प्रकार नाही. बाबूसाठी त्या कागदामागे धावू नका. शाळेशी मात्र बोलून ठेवा.

दर्यावर्दी

माझी वरची कॉमेंट घाईची होती. बायकोने हा धागा वाचला आणि आमच्या धाकट्याच्या मोज्यांची आठवण करून दिली. शिवण बोटांवर आली की तो शाळेत जात नाही, मी त्याला ओरडतो. असो.

फोंडेकरीण

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत काय झालं ते लिहिते.

हमीवाल्यांना फोन केला. विचारलं, नको म्हटलं तर? "मॅडम, दोन दिवसांत सवय होते, आम्ही रडू देतो थोडं." ठेवला फोन. पुण्याला नको म्हणून कळवून टाकलं. मग आमच्या थेरपिस्टबाईंनीच पर्वरीजवळच्या एका छोट्या गटाचं सुचवलं. दोन आठवडे, सकाळी साडेनऊ ते बारा, एक ओटी थेरपिस्ट आणि दोन मदतनीस, जास्तीत जास्त सहा मुलं. तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मग तो बघत बसतो. बघणं पण भाग घेणंच आहे." शनिवारी बाबूला घेऊन जागा बघायला जाणार आहे. नवऱ्याने आठवडाभर रजा टाकलीय, एक मी टाकतेय, बाकी मे सत्तरीत. आजोबांना कळशीचं सांगून ठेवलंय.

एक राहिलं. दिवाडीला मावशीकडे जाताना बाबू फेरीबोटीत नेहमी इंजिनाच्या बाजूला जातो आणि थरथरत्या लोखंडी पत्र्याला पाठ टेकून उभा राहतो. केवढा तो आवाज! पण तिथे कान झाकत नाही. परवा सहज विचारलं, पोदेराचा भोंपू नको आणि हे कसं चालतं रे? म्हणाला, "हा चालू होणार ते मला माहीत असतं. तो एकदम येतो." सहा महिने मी आवाज कमी कसा करायचा ते शोधत होते. आता आमच्या पोदेराला सांगितलंय, वळणावरच एकदा वाजव, मग दारात. तो हसला, पण वाजवतो.

त्या गटात अजून एक जागा शिल्लक आहे. फोंडा, म्हार्दोळ, बाणस्तारी भागातलं सहा ते आठ वर्षांचं मूल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडी एकत्र करू. बाबूचा एक नियम आहे, गाडीत रेडिओ नाही.

डिचोलीची लीना

शनिवारी तंबू आहे का बघून ये. नसेल तर माझ्याकडची चादर घेऊन जा, धुऊन ठेवलीय. साबण बिनवासाचा आहे.