शब्दचर्चा: 'एचेवेर्रिया' म्हणजे नवघरे? आणि लिहायचं कसं?

उंबरठा
स्पॅनिशमधली एक अर्जेंटिनी गोष्ट मराठीत आणायचं काम चालू आहे. त्यातल्या म्हाताऱ्याचं आडनाव मराठीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं: एचेव्हेरिया, एचेवेरिआ, इचेवेरिया. यातलं कुठलं ठेवावं?
दुसरी अडचण मोठी आहे. पाऊस लागल्यावर शेजारी त्याला टोमणा मारतो, "आडनावात नवं घर, आणि छप्पर बघा!" मूळ वाचकाला आडनावाचा अर्थ ठाऊक आहे असं लेखकाने गृहीत धरलंय. मराठी वाचकाला तो कळायचा कसा? तळटीप नको आहे. जाणकारांनी मदत करावी.

रफारसाहेब
आधी उच्चार. ए-चे-वे-र्री-आ, अशी पाच अक्षरं, आघात 'र्री'वर. मूळ लेखनात शेवटून दुसऱ्या स्वरावर तिरकी रेघ असते, ती शोभेची नाही. ती काढली तर 'ईआ' एकत्र होऊन 'या' होईल आणि आघात मागे 'वे'वर सरकेल. गार्सीआ आणि ग्रासिया या दोन आडनावांत हाच फरक आहे.
'र्र' सोडू नका. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. आपल्या 'अर्रर्र'मधली जीभ चालते.
'व्ह' मात्र काढून टाका. व्ही अक्षर असलं तरी स्पॅनिशमध्ये दात ओठाला लागत नाहीत. दोन स्वरांमध्ये तो ओठ न मिटवता केलेला ब असतो आणि आपला साधा व त्याला सर्वांत जवळचा. तेव्हा 'एचेवेर्रीआ'.

पागोळी
उच्चार मान्य, पण 'र्रीआ' मराठी डोळ्याला बोचतं. 'गार्सिया' रुळलंय, त्याच चालीवर 'एचेवेर्रिया' करावं. आणि विभक्ती लावताना 'एचेवेर्रियेने' करू नका. मेहताने, टाटांनी, तसं एचेवेर्रियाने, एचेवेर्रियांनी. स्पॅनिशमध्येही कुटुंबाचा उल्लेख करताना असं आडनाव अनेकवचनी होत नाही, नुसतं उपपद (इंग्रजी 'द'सारखं) बदलतं.

कोनाडा
आडनाव स्पॅनिश म्हटलं जातं, पण शब्द बास्क आहे, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेतला. 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं, शेवटचा 'आ' हे बास्कमधलं उपपद. विशेषण नामाच्या मागून येतं, म्हणून 'घर-नवं-ते'. बास्क लेखनात च साठी टी-एक्स लिहितात आणि व्ही अक्षर वापरत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लेखन 'एचेबेर्रिया' होतं, तिरक्या रेघेशिवाय.
बिस्काय भागाच्या बोलीत 'बेर्री'चं 'बार्री' होतं, तिथून एचेबार्रिया, एचेवार्रिया. पहिला ए गळला की चावार्री, चावार्रिया. फ्रान्सच्या बाजूला एचेवेरी: तिकडच्या लेखनात च च्या आधी एक टी असतो आणि शेवटी वाय. अर्जेंटिना-उरुग्वेत हे रूप दिसलं की घराणं बहुधा पिरेनीज डोंगरांच्या उत्तरेकडून, म्हणजे फ्रान्समधून, आलेलं समजावं. कोलंबियात आन्तिओकिया भागात शेवटचा आ नसलेलं एचेवेर्री भेटतं.

बोरूबहाद्दर
एक सावधगिरी. 'एचे' लिहिलं तर मराठी वाचक च बरोबर वाचेल, कारण ए पुढे आला की आपला च आपोआप तालव्य होतो. पण 'चावार्री' लिहिलंत की 'चांगला'मधला दंततालव्य च तोंडात येणार. तिथे 'च्यावार्री' लिहावं लागेल. ही मराठीची अडचण, हिंदीवाल्यांना तिचा पत्ताच नसतो.

दगडूतात्या
'एचे' आणि संस्कृत 'ओक' (घर) यांचं नातं स्पष्ट दिसतंय की! दिवौकस म्हणजे स्वर्ग ज्यांचं घर ते. ओक, ओचे, एचे.

कोनाडा
तात्या, बास्क ही इंडो-युरोपीय भाषाच नाही. युरोपात तिला जिवंत नातेवाईक नाही. ओकस् आणि एचे यांच्यात मधली एकही पायरी दाखवता येत नाही, आणि ओचे हे रूप तुम्ही आत्ता घडवलंत.
बास्कच्या आतसुद्धा कानाला फसून चालत नाही. तिथल्या शेतघराला 'बासेर्री' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं हाही 'बेर्री', म्हणजे नवंच काहीतरी. प्रत्यक्षात ते बासो (रान) अधिक एर्री (वस्ती, मुलूख). नव्याचा काही संबंध नाही.

दगडूतात्या
बरं. पण मग 'नवं घर' हे आडनाव इतक्या ठिकाणी कसं? सगळे एकाच घरातले का?

कोनाडा
मुळीच नाही. बास्क मुलखात माणूस बापाच्या नावापेक्षा घराच्या नावाने ओळखला जायचा. घर आणि जमीन न तोडता एका वारसाकडे जायची. बाकीच्यांतला कोणी शेजारी नवं घर बांधायचा, ते गावाच्या तोंडी 'नवं घर' व्हायचं आणि चारशे वर्षांनी भिंती खचल्या तरी नाव नवंच. लग्न करून त्या घरात गेलेलाही त्याच घराच्या नावाने ओळखला जायचा. गावोगाव असं एक तरी घर, म्हणून आडनाव एक आणि रक्त वेगळं.
बाकीची घरंही आडनावांत आहेत. गोयकोएचेआ म्हणजे वरचं घर, बेन्गोएचेआ म्हणजे सर्वांत खालचं, एचेआन्दिया म्हणजे थोरलं घर. 1904 सालचं साहित्याचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते होसे एचेगाराय, त्यांच्या आडनावात घर आणि उंचवटा. कोकणात 'वरच्या घरचे', 'खालच्या घरचे' म्हणतात, त्याचीच आडनावं झाली असं समजा.

पिंपळपान
म्हणजे आपलं नवघर! मुलुंडचं, वसईचं, उरणचं. आणि नवघरे आडनाव. उंबरठा, तुमचा टोमणा सुटला: म्हाताऱ्याला नवघरे करा.
अवांतर: झेवियर हेही याच शब्दातून आलंय असं वाचलं होतं. खरं का?

रफारसाहेब
अर्जेंटिनात नवघरे? मग बायकोला गोदाक्का करा आणि घर कोकणात आणा. आडनावाचं भाषांतर करायचं नसतं. स्मिथला कोणी लोहार करत नाही.

कोनाडा
झेवियरचं खरं आहे, आणि वाट मोठी सुरेख आहे. समासात 'एचे'चं 'एचा' होतं. नावार्रो-आरागोनी बोलीत पहिला ए गळला, च चा श झाला, 'बेर्री'मधल्या आघाती ए चा 'इए' झाला (हा लॅटिनमधून निघालेल्या रोमान्स भाषांचा नेहमीचा बदल) आणि शेवटचा इ झडला: शाविएर. पूर्वेला आरागोनमध्ये वेस्का प्रांतात हाविएर्रेगाय, हाविएर्रेलात्रे अशी गावं आहेत. बास्क एके काळी तिथवर बोलली जायची याची ती खूण.
शाविएर हा नावार्रातला किल्ला, पाम्प्लोनापासून साधारण 50 किलोमीटरवर. 1506 साली तिथे जन्मलेल्या फ्रान्सिस्कोच्या (म्हणजे पुढचे संत फ्रान्सिस झेवियर) बापाचं आडनाव यास्सो, आईचं आस्पिलिकुएता. (तो चेल्सीकडून खेळलेला फुटबॉलपटू आस्पिलिकुएताही नावार्राचाच.) 'शाविएर' त्यांचं आडनाव नव्हे, घराचं नाव.
उंबरठा, तुमच्या गोष्टीला जोड हवी असेल तर 1516 मध्ये कास्तिलचा कारभार पाहणाऱ्या कार्दिनाल सिस्नेरोसच्या हुकमाने या 'नव्या घरा'चे बुरूज पाडले होते.

पागोळी
मग मुंबई-गोव्यातले झेवियर आडनावाचे लोक बास्क घराण्याचे?

कोनाडा
नाही. 1622 मध्ये फ्रान्सिस्कोला संतपद मिळालं आणि घराचं नाव बाप्तिस्म्याचं नाव झालं. स्पेनमध्ये आज हाविएर हे मुख्यतः पाळण्यातलं नाव आहे. गोव्यात आणि केरळात ते संताच्या नावावरून आलं आणि काही घरांत आडनाव म्हणून टिकलं. तेव्हा एचेवेर्रिया आणि झेवियर हे शब्द सख्खे, ती आडनावं लावणारी माणसं नव्हेत.
बाळांच्या नावांच्या याद्यांत 'झेवियर म्हणजे तेजस्वी, मूळ अरबी' असं बिनधास्त छापलेलं असतं. ते सोडून द्या.

शीतकडी
आता मूळ उच्चारावर या. झेवियर चूक आहे. गोव्यात शाव्हियेर म्हणतात आणि तेच बरोबर. रोमी कोंकणीत श साठी एक्स अक्षरच वापरतात. खाणावळीच्या फळ्यावर शीत-कडीतलं शीत एक्सने लिहितात, केप्याजवळच्या शेल्डें गावाची रोमी पाटीही एक्सने सुरू होते. इंग्रजांनी शब्दाच्या सुरुवातीच्या एक्सचा झ केला, जसा झायलोफोनमध्ये. तो आपण का चालवायचा?

बोरूबहाद्दर
कारण मुंबईत 1869 पासून झेवियर्स कॉलेज आहे आणि दीडशे वर्षं लोक झेवियर्सच म्हणतात. रूढी हेही प्रमाणच. रिक्षावाल्याला 'शाव्हियेर्स' सांगून बघा.
'बरोबर'च म्हणाल तर कुठलं? तमिळमध्ये सवेरियार, मल्याळममध्ये सेव्यर, इटालियनमध्ये सावेरियो. आजचा स्पॅनिश माणूस तर ह आणि ख च्या मधलं काहीतरी काढून 'हाविएर' म्हणतो. मग गोवा बरोबर आणि माद्रिद चूक?

कोनाडा
काळाच्या हिशेबाने खरंच तसं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कास्तिलियनमध्येही (म्हणजे आजच्या स्पॅनिशमध्ये) एक्सचा उच्चार श होता. पुढच्या शतकात तो घशाकडे सरकून ख सारखा झाला. 1815 च्या लेखनसुधारणेत स्पॅनिश अकादमीने एक्सच्या जागी जे आणला. डॉन किहोतेमध्येही हेच घडलं, मेहिकोने (मेक्सिकोने) मात्र आपल्या नावातला एक्स सोडला नाही. पोर्तुगीजमध्ये श जागच्या जागी राहिला. 6 मे 1542 ला फ्रान्सिस्को गोव्यात उतरला तेव्हा त्याचं नाव शाविएर असंच ऐकू आलं असणार. शीतकडींचा उच्चार जुना आहे. 'बरोबर' हा शब्द मी वापरणार नाही.

पिंपळपान
आणि एचेवेर्रिया आज किती आहेत? स्पेनमध्ये हे नेहमीचं आडनाव धरावं का?

रफारसाहेब
गार्सियासारखं नाही. गार्सिया पहिल्या क्रमांकावर आहे, नुसतं पहिलं आडनाव म्हणून मोजलं तरी 14 लाखांच्या आसपास. एचेवेर्रिया उत्तरेत दाट आणि दक्षिणेकडे विरळ होत जातं. ए वालं रूप (एचेवेर्रिया) गिपुस्कोआ-नावार्रात जास्त, आ वालं (एचेवार्रिया) बिस्काय-आलावात. अमेरिकेत मेहिको, चिले, अर्जेंटिना, ग्वातेमाला इथे चांगलं परिचित. मेहिकोचे 1970 ते 1976 मधले राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेर्रिया. चावार्रिया कोस्टा रिका-निकाराग्वाकडे ऐकू येतं.
स्पेनच्या सांख्यिकी संस्थेच्या सारणीतून आकडे काढणार असाल तर तीन खड्डे आहेत. एक, तिथे आघातचिन्हं नसतात, ती घालून शोधू नका. दोन, प्रत्येक लेखन वेगळं मोजलेलं असतं. व्ही, बी, सी-एच, टी-एक्स, ए, आ अशी सगळी रूपं शोधून बेरीज करावी लागते. 1999 च्या कायद्यानंतर आडनाव आपल्या भाषेच्या लेखनाप्रमाणे नोंदवून घेणं सोपं झालं, म्हणून आजोबा एका ओळीत आणि नातू दुसऱ्या ओळीत सापडतो. तीन, प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं मग आईचं (हा क्रम आता आईबाप ठरवतात). सारणीत 'पहिलं', 'दुसरं' आणि 'दोन्ही' असे तीन रकाने असतात. पहिले दोन मिळवलेत तर ज्यांची दोन्ही आडनावं तीच आहेत ते दोनदा मोजले जातात. तिसरा रकाना वजा करा.

पागोळी
दोन आडनावांचं आपल्या वर्तमानपत्रांना कधी कळणार? लुइस एचेवेर्रिया आल्वारेस असं नाव आलं की बातमीत पुढे 'आल्वारेस म्हणाले'. ते आईचं आडनाव. गार्सिया मार्केसचं आपण नुसतं 'मार्केस' केलं, वर त्याचं 'मार्क्वेझ'.

बोरूबहाद्दर
आणि मराठी वाचकाला 'मार्क्वेझ' म्हटल्यावरच कळतं. चूक जुनी झाली की तिला नाव म्हणतात.

उंबरठा
चर्चा वाचतोय. तूर्त 'एचेवेर्रिया' ठेवलंय. टोमण्याचं मात्र अडलंय. नवघरे करायचं नाही हे पटलं. मग शेजाऱ्याच्याच तोंडी अर्थ घालू का? "तुमच्या बास्क भाषेत एचेवेर्रिया म्हणजे नवं घर ना? मग हे छप्पर?"

रफारसाहेब
टोमणा मारणारा माणूस व्युत्पत्ती सांगत बसत नाही. दोन पानं आधी पेरा. म्हातारा पत्रावर सही करतो, तिथे आजोबा 'नव्या घरचे' म्हणून ओळखले जायचे एवढं एक वाक्य. मग इथे टोमणा मोकळा येईल.

पिंपळपान
मूळ लेखकाने न लिहिलेलं वाक्य घुसवायचं? त्यापेक्षा नवघरे बरं!

दगडूतात्या
चावार्रिया आणि ते व्हेनेझुएलाचे चावेझ एकच ना? दोन्हींत 'चाव'. आणि पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' म्हणजे किल्ली, त्यातूनच आपली चावी. नवं घर आणि त्याची चावी!

कोनाडा
तात्या, अर्धं बरोबर. चावी पोर्तुगीजच. त्या काळी पोर्तुगीज सी-एचचा उच्चार च होता, पुढे तिकडे श झाला आणि आपल्याकडे जुना च राहिला. पण चावेस आडनाव उत्तर पोर्तुगालच्या शावेस गावाचं, आणि ते गाव लॅटिन 'आक्विस फ्लाविइस'मधून, म्हणजे फ्लावियसचे झरे. लॅटिन फ्ल आणि क्ल दोन्हींचा तिथे च झाला, म्हणून झरे आणि किल्ली सारखे ऐकू येतात. चावार्रियाचा दोघांशी संबंध नाही.

बोरूबहाद्दर
पण मग मराठीत 'चावी'तला च 'चहा'सारखा म्हणायचा की 'चांगला'सारखा? पोर्तुगीज तालव्य असेल तर तालव्यच हवा.

शीतकडी
'चावी' कशाला? 'किल्ली' आहे की.

पागोळी
किल्ली तरी कुठे आपली? ग्रीक 'क्लेइस'.

दगडूतात्या
छे! ती 'कील'वरून.