रत्नागिरी: मांडवी बंदर ते भगवती किल्ला, जुन्या पाखाड्यांनी पायी?

प्रश्न – आडवाट
डिसेंबरात रत्नागिरीत एक पूर्ण दिवस हाताशी आहे. मांडवीपासून किल्ल्यापर्यंत डांबरी रस्ता टाळून जुन्या पाखाड्या (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा) आणि वाडीतल्या वाटांनी जायचं आहे. सोबत साठीच्या पुढचे दोघे असतील. भरती-ओहोटी, पादत्राणं, किती वेळ धरायचा, आणि कुणाच्या आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) न घुसता वाट कशी ओळखायची, हे कुणी नीट सांगेल का?

उत्तर – गलबत
आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमारास, ओहोटी. हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक पडताळून घ्या. सकाळी वाळूवरून चालायचं तर तृतीया ते षष्ठी सोयीची, पक्ष कुठलाही चालेल. एकादशी-द्वादशीला आठ-नऊला भरती असते, तेव्हा आतली वाट धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. भांगाला पाणी फार मागे हटत नाही, त्यामुळे वाळूचा पट्टा अरुंदच मिळतो.

वाट अशी: मांडवीच्या जेटीपासून ओहोटीला काळ्या समुद्राच्या ओल्या वाळूवरून किल्ल्याच्या दिशेने निघा, नाहीतर आतून घुडेवठार वस्तीतून पेठकिल्ल्याकडे. वाळू इल्मेनाइटमुळे काळी आहे आणि ऊन चढलं की भयंकर तापते. अनवाणी चालायची हौस अकराच्या आत भागवून घ्या. किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे. एका टोकाला बालेकिल्ला आणि भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला १८६७ सालचं दीपगृह. दोन्ही करायची तर मांडवीपासून थांबत थांबत साडेतीन तास धरा. पाणी माणशी दीड लिटर.

उत्तर – चिरेबंदी
गलबत यांचं तिथीचं गणित बरोबर आहे, पण ज्येष्ठांसोबत खरा प्रश्न उतरणीचा. जांभ्याच्या पाखाडीला पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि डिसेंबरात ते सुकून काळं पडतं. सुकं असताना काही होत नाही. सकाळचं दव किंवा नळाचं सांडपाणी लागलं की तोच काळा थर साबणासारखा होतो. वापरातल्या पाखाडीचा मधला पट्टा पायांनी घासून स्वच्छ राहतो, शेवाळ कडेला असतं. म्हणून मधूनच चाला. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली तर मधला पट्टा तिचा. तुम्ही थांबा आणि कडेला पाय जपून ठेवा. मऊ रबराचा खाचा असलेला तळवा घ्या. कडक प्लॅस्टिकची चप्पल सर्वांत वाईट.

जुनी पाखाडी आणि नवी सिमेंटची, यांतला फरकही बघा. जुन्या बांधणीत प्रत्येक पायरीच्या चिऱ्याचा मागचा भाग वरच्या पायरीखाली दाबलेला असतो आणि पायरीला एका अंगाला जरासा उतार असतो, पाणी कडेच्या चरात जावं म्हणून. जांभा सच्छिद्र आहे, बरंचसं पाणी जिरतं. त्यावर सिमेंटचा कोबा ओतला की जिरणं बंद, सगळं पाणी वेगाने कडेला धावतं, गडग्याचा, म्हणजे कडेच्या दगडी कुंपणाचा, पाया धुतं आणि दोन-चार पावसाळ्यांत गडगा ढासळतो. कोबा वर शाबूत आणि खाली पोकळ, अशी जागा काठी आपटली की ढबढब वाजते. तिथे एकेकाने जा. गाडी दारापर्यंत न्यायची म्हणून पायऱ्या मोडून उतरण केलेली दिसेल. ती पायऱ्यांपेक्षा जास्त घसरते.

उत्तर – वठारकर
वाट ओळखायची खूण: दोन्ही बाजूंना गडगा आणि पायाखाली चिरा असेल तर बहुधा ती येण्याजाण्याची पाखाडी. वाट बेड्यापाशी, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, आली की पुढे खासगी आगर समजा आणि हाक मारून विचारा. जाऊ दिलं तर बांबू होता तसा परत सरकवा, नाहीतर गुरं आत शिरतात.

गडग्याच्या फटीत हात घालू नका, टेकून बसू नका. फुरसं अशाच दगडांत असतं, रंगाने मातीशी मिळून जातं. चावलंच तर आवळपट्टी, चीर देणं, चोखणं काही करायचं नाही. हातपाय न हलवता थेट जिल्हा रुग्णालय, ते शहरातच आहे.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात लिलाव चालू असेल तर धक्क्यावर घोळक्याने उभे राहू नका, आणि वाळत घातलेली जाळी ओलांडू नका, वळसा घाला.

आडवाट
आभार. कोष्टक बघून पंचमीच धरतो. किल्ल्यावरून परत त्याच वाटेने यावं की मिरकरवाड्याकडून पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्याला उतरावं?

गलबत
परत त्याच वाटेने नको. दहाची ओहोटी म्हणजे चारच्या पुढे पुन्हा भरती, तोवर काळ्या समुद्राची वाळू अरुंद झालेली असते. दुपारी खारा वारा सुटतो तो वेगळाच. मिरकरवाड्याकडे उतरा, पांढरा समुद्र बघा आणि तिथून रिक्षा करा. गुडघे दुखणाऱ्यांना चढण चालते, उतरण नाही. त्यांच्यासाठी रिक्षा किल्ल्याच्या पायथ्याशीच बोलावून ठेवा.