चांदी विकत घेण्याआधी एकदा वाचाच

धुळ्याच्या भावाने विचारलंय की अल्बियन ऑनलाइन या गेममध्ये टेलिग्रामवरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात चांदी, म्हणजे गेममधलं चलन, घेऊन थेट टियर ८ चं, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं गियर (शस्त्र-चिलखत) चढवावं का. नको भो, अजिबात नको! अशी खरेदी नियमाबाहेरची आहे, खातं बॅन होऊ शकतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेड आणि ब्लॅक झोनमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात अशा भागांत, मेलास की अंगावरचं सगळं जातं. काही तुटून नष्ट होतं, उरलेलं मारणारा नेतो. मग महागडं घालून करायचं काय? ४.३ च्या वस्तूचं (टियर ४, वर जादूची तिसरी पातळी) मूळ आयटम पॉवर, म्हणजे ताकदीचा आकडा, १०००, साध्या टियर ७ इतकंच; आणि घालायला पात्रता टियर ४ चीच लागते. एकच शस्त्र धर. डेस्टिनी बोर्डवर, म्हणजे कौशल्यांच्या तक्त्यावर, त्याचं स्पेशलायझेशन (त्या शस्त्रातलं प्रावीण्य) वाढलं की पॉवर वाढतं, आणि ते मेल्यावरही तुझंच राहतं.

खर्च करायचाच असेल तर अधिकृत गोल्ड (कंपनी खऱ्या पैशांत विकते ते गेममधलं दुसरं चलन) घे आणि गेममधल्याच बाजारात चांदीत बदल. तिथला भाव खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर हलतो, त्यामुळे रावेरचा शेतकरी केळीचा भाव बघतो तसा आधी काही दिवस आलेख बघ.

डायब्लो ३ या दुसऱ्या गेममध्ये तर तो बनवणाऱ्या कंपनीनेच खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं होतं, २०१२ साली. राक्षस मारून गियर मिळवण्यातला जीवच गेला, म्हणून मार्च २०१४ मध्ये त्यांनीच ते बंद केलं.

तुझं शस्त्र कोणतं ते लिही, स्वस्त बिल्ड (त्याच्या जोडीला काय घालायचं ते) सांगतो.