गणपतीला खाली पाटावर बसवेना झालंय, खुर्चीवर बसून पूजा केली तर चालते काय?

शहापूरचा_तात्या

नमस्कार मंडळी. वय ६६. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठीक म्हणायची, खरं गुडघे गेलेत. गेलेत म्हणजे चालताना काय नाही, सकाळी आमच्या बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानाला फेऱ्या मारतो, सपाटीवर कुठंही न्या, येतो. खाली बसलं की संपलं. बसताना शेवटची वीतभर उंची आपल्या हातात नसतेच, ढप्पकन पडायचं. आणि उठताना आधी एक हात फरशीवर, मग दुसरा गुडघ्यावर, मग कोण बघत नाही ना ते बघायचं आणि मग "आई गं". हे आई गं मी म्हणत नाही हां, ते आतनं येतंय. परवा सोफ्यावर बसलेलो, उठायचं पण नव्हतं, नुसता रिमोट घ्यायला वाकलो तरी आलं. नातू तर आता मी हलायच्या आधीच माझ्या वतीनं म्हणून सोडतोय.

तर विषय असा की आमच्यात गणपती पहिल्यापासून सोप्यात, खाली, पाटावर. पूजा सांगायला भटजी येतात आणि प्राणप्रतिष्ठेला मी मांडी घालून बसायचं, आरती होईपर्यंत तास दीड तास जातोच. गेल्या वर्षी मला उठवायला दोघं लागले आणि त्यातले एक स्वतः भटजी, ते पण सत्तरीचे, म्हणजे आम्हा दोघांना उठवायला तिसरा बोलवायची पाळी. यंदा घरात दोन पार्ट्या झाल्यात. मुलगा म्हणतोय पप्पा सरळ खुर्ची घ्या, त्यात काय. आमच्या थोरल्या वहिनी म्हणतात देव खाली आणि माणूस वर खुर्चीत, हे काय बघवत नाही. आणि खरं सांगू काय, मला पण ते बघवायचं नाही. आमची मंडळी म्हणते पोराला बसवा की यंदा. बसवीन हो, कधीतरी बसवायचाच आहे, खरं गुडघ्यानं रिटायर केलं म्हणून बसवायचं हे मनाला येईना.

तुमच्यात कुणी काय केलंय? आणि गुडघ्याला काय घरच्या घरी करण्यासारखं असलं तर ते पण सांगा. तेलाची नावं नकोत, कपाटात दुकान घालण्याएवढी तेलं आहेत.

वडगावची_अक्का

तात्या, देव खाली आणि तुम्ही वर एवढीच अडचण आहे न्हवं? मग देवालाच वर घ्या की! आम्ही तेच केलंय. सुताराकडनं टेबलाच्या उंचीचा चौरंग करून घेतला, मखर त्याच्यावर, आणि आमचे हे समोर स्टुलावर बसतात. देव वरच, माणूस खालीच, वहिनींचं पण समाधान. पहिल्या वर्षी सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं, मग त्यांनाच दूर्वा वाहताना वाकायला लागेना म्हटल्यावर गप्प झाल्या, उलट शेजारणींना बोलावून चौरंग दाखवत होत्या.

तुम्हाला सांगते, गणपतीच कशाला, माझ्या घरातलं सगळंच वर चढलंय. विळी गेली, आता कट्ट्यावर सुरी. बसून विळीवर जशी मेथी चिरायची तशी सुरीनं होत नाही ते नाहीच, जाड होते, आणि घरातले कोण बोलत नाहीत म्हणजे त्यांना कळतच नाही असं नाही. भाकरी उभ्यानं थापते. परात कट्ट्यावर ठेवून थापायची तर कट्टा उंच पडतो, हाताला जोर येत नाही, म्हणून पायाखाली लाकडी पाट घेतला. आता त्या पाटावरनं उतरताना एक दिवस पडणार असं मुलगी म्हणते, तो विषय वेगळा.

आणि पाणी! नळाला पाणी आलं की पूर्वी दोन बिंदग्या, म्हणजे घागरी, एका दमात, एक कमरेवर एक हातात. आता बिंदगी अर्धीच भरायची आणि खाली ठेवायचीच नाही, सरळ कट्ट्यावर. खाली ठेवली की परत उचलायला वाकायचं कुणी? तसंच माळ्यावरचं सगळं खाली आलंय, कारण शिडी बंद. दिवाळीचे डबे, पितळेची पातेली, बाळंतिणीचा पाळणासुद्धा. खालचं वर आणि वरचं खाली. माझा संसार आता गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली एवढ्या पट्ट्यात मावतो बघा. पाळणा तेवढा कुठं ठेवायचा कळेना, सध्या त्यात कांदे आहेत.

खानापूर_डेपो

अक्कांची आयडिया बेस्ट. मी जन्मभर कंडक्टर, वायव्य कर्नाटकच्या गाड्यांवर. उभं राहून राहून गुडघे आणि पायाच्या शिरा दोन्ही गेलंय. नोकरीत असताना म्हाताऱ्या माणसांना "लवकर चढा हो अज्जा, टाइम झालाय" म्हणून ओरडायचो, आता पोरं मला ओरडतात. लाल गाडीची ती पहिली पायरी कुणी एवढी उंच केली त्याला एकदा भेटायचंय मला.

आणि एक गंमत सांगतो. आम्हा म्हाताऱ्या पुरुषांना ६० नंतर सरकारी गाडीत आधार दाखवला की २५ टक्के सवलत. बायकांना २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत साध्या आणि एक्स्प्रेस गाडीला पूर्ण फ्री, शून्य तिकीट. त्यामुळं आमच्या घरात आता काय झालंय, तिकीट पडतंय मला, गुडघे दुखतात मला, आणि फिरतीया ही. सौंदत्तीला यल्लम्मा, गोकाकला बहीण, चिकोडीला भाची. कोल्हापूरला अंबाबाईला जायचं तर शून्य तिकिटावर निपाणीपर्यंत, तिथनं महाराष्ट्राची एसटी, त्यात कोगनोळीपर्यंत फुल आणि हद्द लागली की हाफ, कारण तिकडं पण बायकांना अर्धं तिकीट आहे. सीमाप्रश्न बाकी कुणाला सुटू दे न सुटू दे, हिनं सोडवलाय. परत येते ते ताजी टवटवीत, आणि मी घरात बसून विचारतो चहा मिळंल काय.

रेल्वेचं तर विचारूच नका. ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चला बंद केली ती अजून चालू नाही. खालचा बर्थ तेवढा ६० च्या वर मागता येतो, बायकांना ४५ पासून. मागायचा, लाजायचं नाही. मी एकदा लाजलो आणि मिरजेपर्यंत वर चढायचा विचार करत उभाच राहिलो.

जुनी_सिस्टर

वरचं सगळं वाचून हसून हसून पोट दुखलं, आता जरा कामाचं बोलते. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, डॉक्टर नव्हे, तेव्हा एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच. एक्स-रे काढायला सांगितला तर उभं राहून काढायचा असतो हे लक्षात ठेवा. झोपून काढला तर गुडघ्यावर भार नसतो आणि आतली फट आहे त्यापेक्षा बरी दिसते.

घरी करायचं ते साधं आहे. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, मांडी घट्ट होते बघा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, मग दुसरा पाय. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, तेपण तसंच. सांधा झिजला तो झिजला, पण मांडीचा स्नायू बळकट असला की भार तो घेतो. तात्या म्हणतात ना शेवटची वीतभर उंची हातात नसते, ती ह्याच स्नायूच्या हातात असते. चार दिवसात फरक पडत नाही, दीड दोन महिने चिकाटी लागते, आणि नेमकं तिथंच लोक सोडतात.

जिन्याचं आणि बसच्या पायरीचं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखत असतील तर जो कमी दुखतो तो चांगला समजायचा. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. त्यामुळं आपला बेळगावचा गोड कुंदा पाहुण्यांना द्या.

बाजारात कुणी पुडी देतो, "दोन दिवसात पळायला लागाल" म्हणून. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून तर पळायला होतं, आणि मग शुगर वाढते, तोंड सुजतं. दुकानातली दुखण्याची गोळी पण रोजच्या रोज आपल्या मनानं घ्यायची नाही. तुम्हाला बीपी आहे, किडनी दोन आहेत म्हणून एक खर्चाला काढायची नसते.

बेंगळूरवासी_लेक

मी इथं सगळ्यात लहान दिसतोय, ४१. आई-वडील टिळकवाडीत दोघंच असतात. बाबांना डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली, मी इकडनं चांगली ॲल्युमिनियमची पाठवली. ती आता दोरी तुटली म्हणून पडद्याला लावलीय. काठी घेतली की लोक म्हणतील म्हातारा झाला. त्याऐवजी बाबा छत्री नेतात. मे महिन्यात पण छत्री. बेळगावात छत्री घेतलेल्या माणसाला कोण कधी काय विचारत नाही हे त्यांनी बरोबर ओळखलंय. बाथरूममध्ये धरायला हँडल बसवायला माणूस पाठवला तर आईनं त्याला चहा देऊन परत पाठवला, म्हणे फरशीला भोक पडतं. काय करू सांगा. फोनवर तर दोघं रोज "आम्ही मजेत" एवढंच म्हणतात.

जुनी_सिस्टर

@बेंगळूरवासी_लेक छत्रीच्या टोकाला रबर नसतो, ओल्या फरशीवर सटकते, वर तिच्यावर भार टाकला की दांडा वाकतो. न्यायचीच असेल तर काठीला घालतात तो रबरी बूट टोकाला बसतोय काय बघा, आणि बाबांना सांगा उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात धरायची. बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. आणि आईला हँडल बाबांसाठी आहे म्हणून सांगा, बाबांना आईसाठी आहे म्हणून. आमच्याकडं असंच बसलं. तोवर न्हाणीतलं शेवाळ ब्लिचिंग पावडरनं घासून घ्यायला लावा आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर झिरोचा बल्ब चालू ठेवा, बरीच माणसं पडतात ती रात्री अंधारात उठून.

निपाणीकर६८

रात्रीचं निघालंच म्हणून विचारतो, मी रात्री तीनदा तरी उठतो. आधी वाटलं झोप येत नाही म्हणून उठतोय, आता कळलं उठतोय म्हणून झोप येत नाही. ह्या वयात असं असतंच म्हणून मित्र सांगतात. कट्ट्यावर आम्ही सहाजण बसतो, सहाहीजणांना आहे, आणि पहाटे चारला ग्रुपवर सहाहीजण गुड मॉर्निंग टाकतोय. वर पोटरीला पेटके. चहा मात्र रात्री नऊलाच असतो, तो सुटत नाही.

जुनी_सिस्टर

@निपाणीकर६८ सहाजणांना आहे म्हणजे बरोबर आहे असं नाही हो. प्रोस्टेट आणि शुगर दोन्ही तपासून घ्या, सहाजण मिळून जावा वाटल्यास. नऊचा चहा सात वाजता घ्या. पेटका आला की पाय ताणून पायाची बोटं स्वतःकडं ओढायची, चवडा वर, पोटरी सुटते. उलटं ताणलं तर अजून धरते.

शहापूरचा_तात्या

मंडळी, लई उपकार झाले. अक्का, चौरंगाचं घरात बोललो. वहिनी एक मिनिट गप्प बसल्या आणि म्हणाल्या "वर घेतला तर मला पण आरतीला नीट दिसेल." म्हणजे इतकी वर्षं त्यांना दिसतच नव्हतं, खरं बोलल्या नाहीत! भटजींना फोन केला तर ते म्हणाले देवाला श्रद्धा लागते, मांडी नाही, आणि हळूच विचारलं माझ्यासाठी पण एक स्टूल मिळेल काय.

सिस्टर, टॉवेलचा व्यायाम चालू केलाय. नातू आकडे मोजतो, पाच म्हणायच्या आधी तीनवर दोन मिनिटं थांबतो, तेवढं सोडलं तर ठीक.

आता एक राहिलं. अक्का, चौरंगाची उंची किती धरलीय? आणि स्टुलाची? सुतार आत्ताच म्हणतोय सगळ्यांची मखरं आहेत, गडबड करा.

वडगावची_अक्का

स्टूल १८ इंच, पाठीमागं टेका असलेलं घ्या, नुसतं घेऊ नका. बसल्यावर पाय फरशीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा कमरेपेक्षा वर यायला नको, म्हणजे उठताना त्रास होत नाही. चौरंग आमचा ३० इंची आहे, वर मूर्ती. तुमची मूर्ती मोठी असेल तर दोन इंच कमी करा, नाहीतर हार घालायला स्टुलावर चढायला लागेल आणि मग सिस्टर आपल्या दोघांना पण सोडणार नाहीत. पाय जाड करायला सांगा, मूर्तीचं वजन असतंय.

खानापूर_डेपो

तात्या, विसर्जनाचं काय करणार तेपण ठरवून ठेवा. बेळगावची मिरवणूक म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वरच्या तळ्याला सगळी मंडळं पोचेपर्यंत ऊन वर येतंय. आमच्या पावण्यांनी गेल्या वर्षी गल्लीच्या तोंडाला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या, आम्ही पाचजण रात्रभर तिथंच, एकेक गणपती आपणहून समोरनं जातोय. थर्मासमध्ये चहा, कानात कापूस. डॉल्बी जवळ आली की कापूस असून पण छाती हादरते, बीपीवाल्यांनी स्पीकरच्या भिंतीपासनं लांब बसावं. खुर्च्या संध्याकाळी सहाच्या आत टाका, नंतर जागा मिळत नाही, आणि दोन जास्त टाका, कारण जे उभे राहतो म्हणतात ते नऊला बसायला येतातच.