मदत हवी आहे: चिन्ह लपवलेली डेटा सफिशियन्सीची गणितं (जीमॅट)

चकवा_२२:
नमस्कार मंडळी. जीमॅटची (एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा) तयारी घरीच करतोय. डेटा सफिशियन्सीत दिलेली दोन विधानं उत्तर काढायला पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचं असतं; त्यातला एक प्रकार हमखास दगा देतो. △ हे +, −, ×, ÷ यांपैकी कुठलंतरी एक चिन्ह आहे एवढंच सांगतात आणि पुढे काहीतरी विचारतात. सरावातली दोन गणितं देतो.

अ) ० △ ४ = किती?
(१) ७ △ १ = ७
(२) ३ △ ३ = १

(१) वरून × किंवा ÷, म्हणजे चिन्ह ठरत नाही. (२) वरून फक्त ÷. म्हणून मी 'बी' म्हटलं, म्हणजे एकटं (२) पुरेसं. उत्तरसूचीत 'डी' आहे, दोन्ही विधानं स्वतंत्रपणे पुरेशी!

आ) कुठल्याही धन संख्या घेतल्या तरी क △ ख = ख △ क असतं का?
(१) ४ △ २ = २
(२) ३ △ १ = ३

इथे मी 'सी' म्हटलं, कारण दोन्ही एकत्र घेतल्यावरच ÷ नक्की होतं. सूची म्हणते 'ए', म्हणजे एकटं (१) पुरेसं. सूचीच चुकलीय का? हे प्रश्न ज्या विभागात येतात त्या डेटा इनसाइट्समध्ये २० प्रश्नांना ४५ मिनिटं, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. तेवढ्यात हे सुचणार कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

पाढेवाली:
सूची बरोबर आहे. तुम्ही दोन्हीकडे चिन्ह शोधत बसलात, पण चिन्ह विचारलंय कुणी? 'अ' मध्ये किंमत विचारलीय. ० ला ४ ने गुणा नाहीतर भागा, उत्तर ०च. चिन्ह कळलं नाही तरी किंमत कळली, म्हणून (१) एकटं पुरतं. (तेच ४ △ ० विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. शून्याने भागता येत नाही.)

विधानांकडे बघण्याआधी विचारलेली राशीच चारही चिन्हांनी मांडून बघा. ० △ ४ साठी अनुक्रमे ४, −४, ०, ०. शेवटच्या दोन किमती सारख्या आहेत हे तिथेच दिसतं. मग विधानाने एवढंच करायचं: उरलेली चिन्हं एकाच किमतीवर आणून सोडायची.

'आ' मध्ये तर किंमतही नाही, हो की नाही एवढंच आहे. + आणि × ला 'हो', − आणि ÷ ला 'नाही'. (१) वरून − किंवा ÷ उरतं, दोन्हीला 'नाही'. ठाम 'नाही' मिळालं की विधान पुरेसं झालं. 'नाही' आलं म्हणजे माहिती अपुरी, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते आधी काढा. (२) वरून × किंवा ÷ उरतं, म्हणजे एकदा 'हो', एकदा 'नाही'. ते बाद. उत्तर 'ए'.

हातचा_एक:
पाढेवालींशी सहमत. भर घालतो. प्रश्न काढणारे मुद्दाम असे आकडे घेतात की दोन चिन्हांचं उत्तर एकच यावं. जोड्या ओळखीच्या झाल्या की वेळ वाचतो:

२ △ २ = ४ : +, ×
४ △ २ = २ : −, ÷
५ △ ० = ५ : +, −
७ △ १ = ७ : ×, ÷

उरलेल्या दोन जोड्या अपूर्णांकांत सापडतात. ½ △ ½ = १ असेल तर + किंवा ÷, आणि १ △ ½ = ½ असेल तर − किंवा ×. या शेवटच्या दोन्ही फार क्वचित दिसतात, पण मला फार आवडतात :)

पाठ मात्र करू नका. चार चिन्हं घालून बघायला कितीसा वेळ लागतो?

चकवा_२२:
वा, 'आ' आता डोक्यात शिरलं. मनापासून आभार. दोन चिन्हं असली तर? △ आणि □ ही चारपैकी दोन वेगवेगळी चिन्हं आहेत. (६ △ ३) □ २ = किती?
(१) ६ △ ३ = २
(२) ५ □ १ = ५
सगळ्या जोड्या मांडायच्या तर १२ होतात.

पाढेवाली:
बाराच्या बारा कशाला? (१) वरून △ म्हणजे ÷, कंसात २ आले. □ साठी +, −, × उरतात: ४, ०, ४. अपुरं. (२) वरून □ म्हणजे × किंवा ÷, पण △ मोकळंच. तेही अपुरं. एकत्र घेतलं की ÷ आधीच △ ने घेतलेलं, म्हणून □ म्हणजे ×, उत्तर ४. 'सी'.

आता प्रश्नातला 'वेगवेगळी' हा शब्द खोडा आणि परत सोडवा.

चकवा_२२:
मग □ ला ÷ पण चालेल, म्हणजे ४ किंवा १. 'ई', म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरं?

पाढेवाली:
हो, 'ई'.